बळीरामकाकांचं 'बरोबर'

बळीराम नगराळे एकतीस वर्षं वणीजवळच्या जमिनीखालच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. पाळी आत जाण्याआधी काठीने छत ठोकून बघायचं, आवाज पोकळ आला तर माणसं आत सोडायची नाहीत, हे सरदाराचं काम. म्हणजे पगारच मुळी 'नाही' म्हणण्याचा. एकदा उत्पादनाची घाई झालेल्या एका साहेबाला त्यांनी सगळ्या पाळीसमोर नाही म्हटलं. साहेब ओरडला, मेमो देईन म्हणाला. बळीराम वाटेत आडवे उभे राहिले ते हललेच नाहीत. तासाभरात ते छत खाली बसलं. सत्तावीस माणसं वाचली. मेमो मात्र मिळायचा तो मिळालाच.

निवृत्त झाल्यावर वणीतल्या आपल्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहार समितीचे ते सचिव झाले. विहाराच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे त्यांनी अभ्यासिका उभी केली. बारा टेबलं, चार पंखे, पाण्याचा माठ आणि दारावर त्यांच्याच हाताने रंगवलेली पाटी. मोहल्ल्यातली घरं दीड-दीड खोलीची. घरात टीव्ही, पाहुणे, पाळण्यातलं पोर. अभ्यासाला बसायचं कुठे? पोलीस भरतीची, नर्सिंगची, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तीस-पस्तीस मुलामुलींना बसायला हक्काची तेवढीच एक जागा होती.

समितीचा अध्यक्ष संघदीप ताकसांडे. चाळिशीतला, गोड बोलणारा, मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा. त्याला ती खोली गोडाऊन म्हणून हवी होती. खुर्च्या, गाद्या, कनाती पावसात भिजतात, आणि लग्नकार्यात हे सामान शेवटी आपल्याच लोकांच्या कामी येतं, असं तो म्हणायचा. तीनदा त्याने विषय काढला आणि तिन्ही वेळा बळीरामांनी भरसभेत नाही म्हटलं. समितीच्या नियमात लिहिलेलं होतं, की खोलीचा वापर बदलायचा तर अध्यक्ष आणि सचिव दोघांची संमती पाहिजे. त्यामुळे संघदीपचं घोडं तिथेच अडलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना बळीरामांच्या हातून वस्तरा पडला. उचलायला वाकले आणि तिथेच कलंडले. उजव्या अंगाला लकवा मारला होता. नागपूरच्या दवाखान्यात अठरा दिवस काढून ते घरी आले तेव्हा पाय बऱ्यापैकी परतला होता, काठी घेऊन चालता येत होतं. उजवा हात लोंबकळत होता. आणि बोलणं गेलं होतं.

पुरतं गेलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. एक शब्द तेवढा उरला होता. 'बरोबर.' पाणी मागायला तोंड उघडलं तरी 'बरोबर', पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी 'बरोबर'. पुण्याहून मुलाचा, धम्मदीपचा, फोन आला आणि त्याने रडत रडत "बाबा, मले वळखलं का?" असं विचारलं, तर तिकडेही 'बरोबर'. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. वाक्य तयार व्हायचं, जिभेपर्यंत यायचं, आणि तोंडातून बाहेर पडायचा तोच एक शब्द, कोणीतरी आतून बदलून दिल्यासारखा. डाव्या हाताने लिहायला गेलं तर अक्षरंही जुळत नसत. जन्मभर नाही म्हणत आलेल्या माणसाला नशिबाने हो म्हणायला बसवलं होतं. याहून मोठा अपमान कोणता असतो ते मला माहीत नाही.

भेटायला येणारे कांताबाईंशी बोलायचे. बळीराम समोर खाटेवर बसलेले असायचे आणि लोक विचारायचे, "जेवते का? झोपते का बरोबर? वळखू येते का त्याईले?" काहीजण त्यांच्याशी बोलायचे ते बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून, किंवा तान्ह्या लेकराशी बोलावं तसं लाडात येऊन. एकाने तर गालाला हात लावला. बळीरामांची कानशिलं तापायची. सांगायचं असायचं, की कान शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे, नीट बोला. तोंडातून निघायचं 'बरोबर, बरोबर', आणि पाहुणा खूश होऊन म्हणायचा, पाहा, किती शांत झाले आता.

कांताबाईंचंही चुकलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नवऱ्याला उठवणं-बसवणं, आंघोळ, गोळ्या, घरचं सगळं एकटीवर. भेंडी करू का म्हणून विचारलं की ते 'बरोबर' म्हणायचे, म्हणून तिने दीड महिना एकाआड एक दिवस भेंडी केली. बळीरामांना भेंडीचा जन्मजात तिटकारा. ते ताट सरकवून द्यायचे. मग तिचा पारा चढायचा, की स्वतःच सांगता आणि मग नखरे करता. संध्याकाळपर्यंत दोघं दोन भिंतींना तोंड करून बसलेली असायची.

मेच्या शेवटी संघदीप घरी आला. जयभीम केला, पाया पडला, तब्येतीची चौकशी केली. कांताबाई चहा ठेवायला आत गेल्या. संघदीपने पिशवीतून कागद काढला आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाला, की अभ्यासिकेबद्दल मागे तुमचं-आमचं जरा झालं होतं, आता सगळे सदस्य तयार आहेत, तुमची संमती तेवढी राहिली.

"काकाजी, तुमची हरकत नाही ना?"

बळीरामांनी मान जोरात हलवली. पण मानेवरचा ताबाही तेव्हा पुरता आला नव्हता, ती आडवी जायची तशी उभीही जायची. आणि तोंडाने शब्द टाकला. "बरोबर."

संघदीपने त्यांचा डावा अंगठा हातात घेतला, शाईच्या डबीत दाबला आणि कागदावर टेकवला. बळीरामांनी हात मागे खेचला तेव्हा कागदावर अंगठ्याखाली शाईचा एक लांब फराटा ओढला गेला. संघदीपने तो फुंकर मारून वाळवला. चहा आला, तो प्यायला आणि गेला. आतून कांताबाईंनी फक्त 'बरोबर' ऐकलं होतं. अंगठ्याला शाई दिसली तर त्यांना वाटलं, समितीचं काही हजेरी-बिजेरीचं असेल.

बळीराम दुपारभर 'बरोबर बरोबर' करत तो निळा अंगठा त्यांच्यापुढे नाचवत राहिले. कांताबाईंनी साबणाने अंगठा धुऊन दिला.

पंधरा दिवसांनी प्रियंका आली. शेजारच्या गल्लीतली, नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी. अभ्यासिका उघडली त्या दिवसापासून तिथे बसणारी. दारात उभी राहूनच ती बोलली. अभ्यासिकेतली टेबलं विहाराच्या मागच्या ओट्यावर उघड्यावर टाकली आहेत, खोलीत गाद्या आणि लोखंडी पाइप भरले आहेत, दाराला नवीन कुलूप आहे. विचारलं तर ताकसांडे म्हणतात, काकांनीच संमती दिली.

"काकाजी, तुमी खरंच हो म्हटलं का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. विश्वास बसत नव्हता तिचा, एवढंच. रागापेक्षा ते जास्त लागलं.

बळीराम उभे राहिले. तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं, कागद, शाई, ओढलेला हात. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर. बरोबर. बरोबर!"

प्रियंकाने मान खाली घातली आणि ती निघून गेली.

कांताबाई मागून म्हणाल्या, "मंग आता कायले तडफडून राह्यले? तुमीच तर अंगठा देला."

बळीरामांच्या डाव्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता. तो कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. कांताबाईंच्या भुवईवर लागला. रक्त आलं, डोळ्यात उतरलं. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नव्हता. व्यसनमुक्तीच्या सभांत, बायकांना मारणाऱ्यांना नाव घेऊन झोडपणारा हा माणूस, आणि आज हे. ते तिच्याकडे धावले, काठी विसरले, पडता पडता राहिले. कांताबाईंनी पदर भुवईला दाबला, दुसऱ्या हाताने त्यांना लांब ढकललं आणि मोरीत जाऊन बसल्या.

दर गुरुवारी यवतमाळला जायचं असायचं. तिथल्या एका दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या राठोड मॅडम होत्या; तोवर ओठा-जिभेचे व्यायामच चालले होते. एसटीने मारेगाव, करंजीवरून तीन तास. त्या गुरुवारी दोघं शेजारी बसून तीन तास दोन बाजूंना बघत राहिली.

राठोड मॅडम पंचविशी-तिशीच्या, आर्णीकडच्या तांड्यावरून शिकून आलेल्या. कांताबाईंच्या भुवईवरची पट्टी पाहून त्यांनी विचारलं. कांताबाई खोटं बोलल्या नाहीत. हे आता तापट झाले, डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी द्यावी, असं त्या म्हणाल्या. बळीराम खाली बघत होते.

मॅडम कांताबाईंशी बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या बळीरामांच्या समोर बसल्या, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगाने बोलल्या.

"काका, तुम्हाला सगळं कळतं हे मला माहीत आहे. तुमचा शब्द खोटा आहे, हात खरा आहे. डावा तळहात वर केला की हो. उपडा केला की नाही. मूठ केली की थांबा, मला वेळ द्या. जमेल?"

डावा तळहात हळूच वर झाला.

त्यांनी वीसेक प्रश्न विचारले. तुमचं नाव बळीराम? वर. आज सोमवार आहे? उपडा. तुम्ही खाणीत होता? वर. काकूंवर तुमचा राग आहे? उपडा. इतका जोरात उपडा, की टेबलावरचं पेन उडालं. भेंडी आवडते? कांताबाईंनीच हा प्रश्न मधे घातला. उपडा. आणि कांताबाईंना एकदम हसू फुटलं आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. दीड महिना, बापा, दीड महिना भेंडी खाऊ घातली मी या माणसाला.

मग मॅडमनी दोघांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, की राग वेगळा आणि वैताग वेगळा. कोणी आपलं वाईट केलं की राग येतो. वैताग येतो तो वाट अडल्यावर. माणसाला कुठेतरी जायचं असतं, काहीतरी मिळवायचं असतं, सांगायचं असतं, आणि मधे काहीतरी आडवं पडतं. एकदा ढकलतो, दोनदा ढकलतो. विसाव्या वेळेस जे हाताशी असेल ते फेकतो, आणि लागतं ते नेमकं जवळच्या माणसाला, कारण तेच जवळ असतं. काकांचा स्वभाव बिघडलेला नाही. काकांची वाट दिवसातून दोनशे वेळा अडते. वैताग येतो ही काही लाजेची गोष्ट नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही अजून सांगायचं सोडलेलं नाही. ज्यांनी सोडलं त्यांना तो येत नाही. ते भिंतीकडे बघत बसतात.

"पण पेला फेकायचा नाही," त्या बळीरामांना म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जराही मऊपणा नव्हता. "वैताग वर चढायला लागला की आधी कळतं. तुम्हाला कुठे कळतं?"

बळीरामांनी विचार केला. डावा हात गळ्याखाली, छातीच्या वर टेकवला.

तिथे आवळायला लागलं, की हातात जे असेल ते आधी खाली ठेवायचं, असं मॅडमनी सांगितलं. दोन्ही पाय जमिनीला लावायचे. मूठ दाखवायची. तीन लांब श्वास. मग पुन्हा प्रयत्न करायचा, घाई नाही. आणि मूठ दिसली की काकूंनी गप्प बसायचं. त्यांचं वाक्य पुरं करायचं नाही.

कांताबाईंनी विचारलं, "आन् माया वैतागाचं का? मी कोनाले मूठ दाखवू?"

मॅडम खुर्ची वळवून कांताबाईंच्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, की तुम्हीही दाखवा. काकांना. आणि आठवड्यातून एक दुपार घराबाहेर काढा, कुठेही जा, पण दवाखान्यात नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली आणि ती पुढे कामी आली. पाठ असलेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं, ते मेंदूत वेगळ्या जागी राहतं. त्यामुळे काकांना वंदना म्हणता येईल, एक ते दहा म्हणता येतील, पण स्वतःचं नवीन वाक्य येणार नाही. लोकांना हे ढोंग वाटेल. तुम्ही वाटून घेऊ नका.

परतीच्या वाटेवर कांताबाई एकामागून एक प्रश्न विचारत गेल्या आणि बळीराम हाताने उत्तरं देत गेले. पांढरकवड्याच्या फाट्याच्या अलीकडे सगळा उलगडा झाला. संघदीपने कागद वाचून दाखवला का? उपडा. अंगठा तुम्ही स्वतः दिला का? उपडा. त्याने हात धरून लावला? वर.

 कांताबाई म्हणाल्या, "मी चहा करून पाजला त्याले."

कांताबाईंनी ठरवलं, की आषाढी पौर्णिमेला वर्षावास, पावसाळ्यातला तीन महिन्यांचा धम्मवाचनाचा काळ, सुरू होतो, सगळा मोहल्ला विहारात जमतो, वंदनेनंतर समितीची सभा असते. तिथे आपण उभं राहायचं आणि सांगायचं. बळीरामांचा हात उपडा झाला. मग कोण सांगणार, तुम्ही? वर. कसं सांगणार? त्यावर हाताजवळ उत्तर नव्हतं. मूठ झाली, आवळली गेली. ते उठले, बसले, पुन्हा मूठ. तीन दिवस असं चाललं. संघदीप म्हणणारच होता, की काकांनी माझ्यासमोर 'बरोबर' म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता कांताबाई वैतागून म्हणाल्या, "तुमच्या बरोबरचा का भरोसा? उद्या मी विचारलं का तुमी बाई हाय का, तरी बरोबरच म्हनान."

बळीरामांचा तळहात वर झाला. कांताबाईंना वाटलं, गंमत. पण तो खाली येईना. ते तिच्याकडे टक लावून बघत होते. तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तसं तिने सूप बाजूला ठेवलं.

"चार लोकांत विचारू? हासतीन लोक तुमाले."

हात वरच.

"ज्या लोकायनं तुमची भाषणं ऐकली त्याईच्यासमोर?"

हात वरच. चेहरा लाल झाला होता, पण हात वरच.

आषाढी पौर्णिमेला सकाळी विहार भरला होता. पांढरे कपडे, मेणबत्त्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. वंदना सुरू झाली आणि बळीरामांचा आवाज लागला. पाच महिन्यांत कोणी ऐकला नव्हता तो आवाज, पाळीला हाक देणारा, भरदार. एक अक्षर चुकलं नाही. लोक वळून बघायला लागले. स्वतः बळीरामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वंदना संपली आणि शेजारच्याने विचारलं, काकाजी, बोलता यायला लागलं? ते म्हणाले, "बरोबर."

सभा सुरू झाली. कांताबाईंनी अभ्यासिकेचा विषय काढला. संघदीप तयारच होता. त्याने कागद फडकवला, अंगठा दाखवला. आता तर तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, तो म्हणाला, काका किती खणखणीत बोलतात. वंदना पाठ म्हणणाऱ्या माणसाला हो-नाही कळत नाही, असं काकूंचं म्हणणं असेल तर तो काकांचाच अपमान आहे.

चलाखी बघा या माणसाची. ज्याचा अंगठा हात धरून लावला, त्याच्याच मानापानाची काळजी याला.

कांताबाई जागेवरून उठल्या आणि बळीरामांच्या समोर जाऊन बसल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "तुमचं नाव संघदीप हाय का?"

"बरोबर," बळीराम म्हणाले.

दोघं-चौघं हसले.

"आपुन आता उमरखेडात बसलो हाओ का?"

"बरोबर."

हसू पसरलं. मागची पोरं तर खिदळलीच. बळीरामांचे कान तापून लाल झाले होते, घाम कानामागून मानेवर उतरत होता. ज्या ठिकाणी उभे राहून त्यांनी वीस वर्षं भाषणं केली त्याच ठिकाणी ते बसले होते आणि लोक त्यांना हसत होते. गळ्याखाली आवळलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवले. काठी बाजूला ठेवली. तीन श्वास.

कांताबाईंनी पुढचं विचारलं. "मी तुमची माय लागतो का?"

"बरोबर."

आता कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"तोंड त्याईचं आयकत नाही," कांताबाई सभेकडे वळून म्हणाल्या. "हात आयकते. आता हाताकडं पाहा." आणि पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "अभ्यासिका गोडाऊनले द्याची का?"

"बरोबर," बळीराम म्हणाले, आणि डावा तळहात त्यांनी समोरच्या फरशीवर उपडा आपटला. आवाज भिंतीपर्यंत गेला. हात तिथेच दाबून धरला, उचललाच नाही.

संघदीप म्हणाला, की हाताचं काय, हात कसाही पडतो. बायकोने शिकवलं तसा पडला.

तेव्हा मागून प्रियंका उठली. तिने सांगितलं, मग तुम्हीच विचारा, अध्यक्षसाहेब. काकूंना बाहेर पाठवा आणि तुमच्या मनातलं विचारा. सभेला ते पटलं. कांताबाई व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

संघदीप पुढे आला. निवृत्तीला किती वर्षं झाली, दोन? उपडा. तीन? वर. धम्मदीप नागपूरला असतो? उपडा. दर वेळी तोंडाने 'बरोबर', आणि हात आपलं खरं सांगत होता. सात-आठ प्रश्न झाले. लोक आता तोंडाकडे बघतच नव्हते. संघदीप चिडला, आणि चिडलेल्या माणसाचा तोल जातो तसा त्याचा गेला.

"त्या दिवशी मी तुमाले कागद वाचून दाखवला होता का नाही?"

विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण प्रश्न सुटला होता. बळीरामांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. हात उचलला, सगळ्यांना दिसेल असा खांद्याच्या वर नेला, आणि सावकाश उपडा केला.

मग अंगठा पुढे करून त्यांनी दुसऱ्याच हाताने धरल्यासारखं दाखवायचा प्रयत्न केला. उजवा हात लोंबकळत होता, तो उठेना. शेजारच्या माणसाने आपला हात पुढे केला. बळीरामांनी त्याच्या मुठीत आपला अंगठा दिला आणि झटका देऊन खेचून काढला. कागदावरचा तो फराटा सगळ्यांनी पुन्हा निरखून पाहिला.

गोडाऊनचा ठराव रद्द झाला. खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची ठरली. प्रत्यक्षात दोन महिने लागले, आणि पावसात भिजून दोन टेबलांचं लाकूड फुगलं ते फुगलंच. संघदीप अध्यक्षच राहिला. त्याला पायउतार व्हा म्हणायला कोणी उठलं नाही. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणी माफी मागितली नाही. उलट दुसऱ्या दिवशी संघदीप शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन घरी हजर झाला, बरोबर फोटो काढायला माणूस. काकांचा सत्कार करायचा म्हणे, त्यांच्या जिद्दीबद्दल. बळीरामांनी तळहात उपडा केला. संघदीप शाल उलगडतच होता. बळीरामांनी पुन्हा केला. तेव्हा कांताबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, की हात दिसला नाही का? आणि त्यांनी दार लावून घेतलं. चहाचं विचारलं नाही.

हे सगळं जिंकल्यासारखं वाटतं. पण त्याच संध्याकाळी बळीरामांना वरणात मीठ कमी लागलं आणि ते सांगता सांगता अर्धा तास गेला. लोणचं, पाणी, लिंबू, सगळं समोर येऊन गेलं आणि हात उपडाच पडत राहिला. गळ्याखाली आवळलं. त्यांनी घास ताटात ठेवला, पेला लांब सरकवला, मूठ दाखवली. कांताबाईंनीही आपली मूठ दाखवली. दोन मुठी समोरासमोर, आणि वरण गार. शेवटी बळीरामांनी उठून, भिंत धरत, मिठाचा डबा स्वतः आणला. दर मंगळवारी दुपारी कांताबाई आता बहिणीकडे जातात, तिथे दोन तास झोपतात आणि परत येतात. त्याबद्दल मोहल्ल्यात दोघी-तिघी बोलल्या, की नवरा असा पडलेला आणि हिला हिंडणं सुचतं. कांताबाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी परत गेल्या.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी वणीच्या बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीला गर्दी होती. बळीरामांना आधी चढवून जागेवर बसवलं. कांताबाई पिशवी घ्यायला खाली उतरल्या. त्या परत पायरीवर एक पाय ठेवतात तोच कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली.

"थांब!" आतून आवाज आला.

गाडी कचकन थांबली. कांताबाई चढल्या, कंडक्टरला दोन शब्द सुनावले, तिकिटं काढली, पिशवी पायाशी ठेवली. गाडी मारेगावला लागेपर्यंत दोघांच्याही काही लक्षात आलं नाही. मग कांताबाई हळूच वळल्या. तो आवाज कोणाचा होता, त्यांनी विचारलं. बळीरामांनी तळहात वर केला, स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखा.

त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. ओठ जुळवले, जीभ टेकवली. आला तो 'बरोबर'. पुन्हा बघितलं. 'बरोबर'. त्यांनी मांडीवर बुक्की मारली, आणि मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पिशवीत ठेवला, दोन्ही पाय गाडीच्या पत्र्याला टेकवले आणि मूठ दाखवली.

कांताबाई खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस बघत बसल्या. करंजी यायला अजून अवकाश होता.